एकच पेटी

पेटी कुठे ठेवायची, एवढाच प्रश्न होता. पण त्यावरून, दरवर्षी पुरात बुडणाऱ्या मैदानाच्या काठावरच्या मोंगूच्या आरोग्य कचेरीत गेल्या वर्षी चांगलीच भांडणं जुंपली होती. सापाच्या विषावरचं औषध परदेशातून यायचं, कितीतरी महिने आधी मागवावं लागायचं, आणि एवढी यातायात करून हाती पडायची एकच पेटी. एका माणसाला जहरी साप चावला, की जवळजवळ सगळी पेटी त्याच्यावरच खर्ची पडणार. तरी प्रत्येक दवाखान्याला आपल्याकडे थोडं औषध हवं होतंच.

खरेदी आणि वाहतूक बघणारी नासिलेले मात्र हटून बसली. "वाटून टाकलं तर सगळ्यांकडे थोडं थोडं असेल आणि वाचणार कुणीच नाही," ती म्हणाली. "पेटी एका जागी राहील. कोरड्या दिवसांत मैदानाच्या मधोमध, मुतालोच्या टेकाडावरच्या दवाखान्यात. पाणी चढलं की इथं काठावर, मोंगूच्या इस्पितळात. पेटी कुठे आहे ते सगळ्या मैदानाला ठाऊक पाहिजे, म्हणजे झालं."

ती स्वतः मुतालोचीच. तिचे वडील, न्दाते लुबिंदा, अजून तिथेच राहायचे. त्यांनी हे ऐकलं तेव्हा तोंडातली मासळी न गिळताच ते हसले होते. "राजाही पुरात घर बदलतो, तुझं औषधही बदलतंय. मोठं खानदानी औषध दिसतंय, बाई!"

यंदा पाणी लवकर आलं आणि नुसतं आलं नाही, धावत आलं. नासिलेलेने पेटी मोंगूला आणवली आणि रेडिओवर स्वतःच्या आवाजात सांगितलं, "साप चावला तर टेकाडावर वाट बघत बसू नका. डोंगी काढा आणि मोंगू गाठा. औषध इथं आहे, इथंच राहील." रोज सकाळ-संध्याकाळ तो आवाज मैदानभर फिरत होता.

माणसं मात्र अजून टेकाडांवरच होती. राजवाड्याचे मोठे नगारे वाजल्याशिवाय आणि राजाची नाव निघाल्याशिवाय जुनी माणसं मैदान सोडत नाहीत. पाणी उंबऱ्याला लागलं तरी खाट उंच करतील, कोंबड्या छपरावर चढवतील, पण राजाच्या आधी जायचे नाहीत. पाणी चढलं की सापही बिळं सोडून त्याच टेकाडांवर येतात. वीतभर कोरड्या जमिनीवर माणूस, गाय, कोंबडी आणि साप एकत्र. नासिलेले लहानपणी अशा दिवसांत पाय पोटाशी घेऊन झोपायची. ती भीती तिच्या अंगातून कधी गेलीच नव्हती.

त्या दिवशी दुपारी फोन आला. शेजारची मा-लिसेली ओरडत होती. "नासिलेले, न्दातेंना चावला! तो जाडा, फुसफुसणारा! पाय गुडघ्यापर्यंत सुजलाय, आणि ते म्हणतात..."

पुढचं ऐकूच आलं नाही. फोन तुटला. नासिलेलेने परत लावला, पुन्हा लावला. मैदानावर पाणी आलं की फोनचा काही भरवसा नसतो. ते काय म्हणतात, ते तिला ऐकायची गरज वाटली नाही. तिला ठाऊक होतं. न्दाते लुबिंदा राजाच्या नावेचे वल्हेकरी. तरुणपणापासून लाल टोपी घालून, उभ्याने, त्यांनी राजाला पुराबाहेर काढलं होतं. तो माणूस नगाऱ्याआधी टेकाड सोडेल? मेला तरी सोडणार नाही. जीव गेला तरी तिथेच बसून राहतील.

ती तडक इस्पितळाच्या औषधखोलीत गेली. तिथला मुयुंडा थंड कपाटासमोर आडवा उभा राहिला.

"सगळी पेटी, मॅडम? आणि इथं कुणी आलं तर?"

"तिथं नर्स आहे, ती टोचेल. औषध नेलं नाही तर टोचणार काय? तिचं डोकं?"

"रेडिओवर तुम्हीच सांगता ना, इथंच राहील म्हणून? मी रोज ऐकतो. माझी बायको तर तुमची नक्कल करते."

"मुयुंडा, बाजूला हो. माझा बाप आहे तो."

तो बाजूला झाला. बापाचं नाव निघाल्यावर कोण आडवं येणार? पण पेटी उचलताना तिला त्याच्याकडे बघवलं नाही. इथं दुसरं कुणी आलं तर, ही भीती तिलाही होती. तिने ती दुसऱ्या भीतीखाली दाबून टाकली.

धक्क्यावर मुकेलाबाई नावाचा नावाडी आपल्या मोटरबोटीत सुकी मासळी चघळत बसला होता. बर्फाच्या डब्यातली पेटी मांडीवर घट्ट धरून ती बोटीत बसली.

"मुख्य धारेनं जावं लागेल," मुकेलाबाई म्हणाला. "लांब पडतं. गवतावरून घातली तर पंख्याला वेढे बसतील, मग तुम्ही ढकला आणि मी मासे पकडतो."

"गप्प बस आणि चालव!"

त्याने इंजिन सुरू केलं. धारेच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच गवत पाण्यातून वर आलं होतं. त्यातून हलक्या डोंग्या सरळ निघून जातात, बोटीला मात्र धारेची सगळी वळणं घ्यावी लागतात. गवतापलीकडे काय चाललंय ते बोटीतून दिसत नाही. एकदा तिला पलीकडे वल्ह्याचा आवाज आल्यासारखा वाटला. कुणीतरी खोकलं. इंजिनाच्या घरघरीत तो आवाज विरून गेला. ती मनात एकच घोकत होती, बाबा, थांबा. एवढा वेळ थांबा. फुसफुस्या सापाचं विष माणसाला थोडी सवड देतं, हे तिला ठाऊक होतं. थोडीच देतं, हेही.

मुतालो दिसलं तेव्हा पाणी झोपड्यांच्या कुडांना टेकलं होतं. ती गुडघाभर पाण्यात उडी मारून धावली. घरात रिकामी खाट. भिंतीवर खुंटीला लाल टोपी. मा-लिसेली दारात आली आणि तिच्याकडे बघतच राहिली.

"तू? तू इथं काय करतेस गं?"

"बाबा कुठायत?"

"ते तर मघाशीच गेले मोंगूला. माझ्या दोन्ही पोरांनी डोंगीत घालून नेलंय, गवतातून."

"पण नगारे वाजले नाहीत अजून!"

"तेच मी म्हटलं. तर म्हणाले, नगारा वाजेल तेव्हा वाजेल. माझ्या लेकीनं सांगितलंय, औषध मोंगूला आहे, तिथंच राहील. फोनवर तेवढंच तर मी सांगत होते तुला. मी त्यांना म्हटलं, ती स्वतः घेऊन यायची कदाचित. तर हसले गं. म्हणाले, नासिलेले एकदा ठरवलं की हलत नाही. तिचा शब्द म्हणजे शब्द."

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने राजाच्या आधी टेकाड सोडलं होतं, आणि सोडलं होतं ते तिच्या शब्दावर. तो खोकला! तो खोकला त्यांचाच होता! पेटी छातीशी धरून ती बोटीकडे पळाली आणि पाण्यात पडली. पण पेटी तिने वरच धरून ठेवली होती.

परतीची वाट सरता सरेना. "गवतातून घाल," ती किंचाळली. मुकेलाबाईने घातलीही. पंखा अडकला. त्याने तोंडातून शिवी काढली नाही, थट्टा केली नाही, नुसता सुरी घेऊन पाण्यात उतरला आणि गवत कापत राहिला. त्याच्या गप्प राहण्याची तिला जास्तच भीती वाटली.

न्दाते लुबिंदा इस्पितळात केव्हाच पोचले होते. अगदी वेळेत, मुयुंडाने नंतर सांगितलं. त्याने थंड कपाट उघडून त्यांना दाखवलं होतं, रिकामं. त्यांनी नुसतं विचारलं होतं, "मग ती कुठंय?"

ती धावत आत आली तेव्हा पाय मांडीपर्यंत काळानिळा झाला होता. मुयुंडाने तिच्या हातातून पेटी ओढून घेतली. म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"मी तू सांगितलेल्या जागी आलो, बाई," ते पुटपुटले. "तू कुठं होतीस?"

जीव वाचला. पाय गेला.

काही दिवसांनी नगारे वाजले. काठावर माणसांची झुंबड उडाली. खाटेवर पडल्या पडल्या न्दाते लुबिंदा वल्ह्यांची लय ऐकत होते. त्यांचे खांदे चादरीखाली हलत होते. उभ्याने वल्हं मारायला दोन पाय लागतात. नासिलेले उशाशी बसून रडत होती, आणि बाहेर कुणाचा फोन वाजला तरी दचकत होती.

"नवी पेटी आली का?" त्यांनी विचारलं.

"आली. दुसऱ्या जिल्ह्यानं उसनी दिली."

"कुठंय?"

"इथंच. कपाटात."

त्यांनी तिचा हात धरला. पकड अजून वल्हेकऱ्याचीच होती.

"आता कुणासाठी हलवू नकोस," ते म्हणाले. "माझ्यासाठीसुद्धा."