फुकटचा कोच

फुकट घाम गाळणारा माणूस कमरुद्दीनने अख्ख्या आयुष्यात पाहिला नव्हता. कुवेतला बावीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला, पाच देशांची माणसं शेजारच्या खाटांवर झोपलेली पाहिली, पण पदरचं खाऊन दुसऱ्याच्या पोरांना शिकवायला आलेला त्यांत एकही नव्हता. म्हणून हॉलंडचा योरिस गावात फुटबॉल शिकवायला आला, तेव्हा पहिल्या संध्याकाळपासूनच कमरुद्दीन शाळेच्या दगडी कुंपणावर, गडग्यावर जाऊन बसायला लागला.

गाव रोह्याहून कोलाडला जाताना लागतं, कालव्याला चिकटून. योरिसला आणलं होतं पेणच्या एका संस्थेने. संस्थेचा सुशील त्याला मोटरसायकलवरून सोडून गेला आणि सरपंचांना म्हणाला, "दोन महिने राहील. पगार नाय, काय नाय. नुसती सेवा." गेल्या पावसातच सुशील पोरींची नावं नि फोटो घेऊन गेला होता. त्याच, मोहल्ल्यातल्या आणि कातकरवाडीतल्या मिळून सोळा पोरी खेळायला जमू लागल्या. त्यात कमरुद्दीनची नात अमीनाही होती, बारा वर्षांची. तिचा बाप यूनुस दोहाला नोकरीला.

योरिस असेल चोवीस-पंचवीसचा, उन्हाने नाक सोललेला. पोरींना हात न लावता शिकवायचा, हे कमरुद्दीनने नीट पाहून ठेवलं होतं. पण बाकीचं त्याला खटकायचं. खेळ सुटला की योरिस पोरींना केळी नि उकडलेली अंडी वाटायचा आणि शेवटचा घास गिळेपर्यंत एकेकीच्या तोंडाकडे बघत राहायचा. एखादी खदखदून हसली की त्याचे डोळे भरून यायचे. हसण्यावर रडायला काय झालं? अमीनाला त्याने न मागता बूट आणून दिले. आणि पोरी घरी चला म्हणून मागे लागल्या की मान हलवून उलट्या दिशेने चालू पडायचा.

"माणूस चांगला हाय, अब्बा," कमरुद्दीनची सून खुशनुमा म्हणाली.

"म्हणूनच बघतोय," कमरुद्दीन म्हणाला. "वाईट माणसावर नजर ठेवायला लागत नाय. तो दिसतोच."

दुसऱ्या आठवड्यात एकदा भाकरी मोडता मोडता अमीना सहज बोलून गेली, "दादा, सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं. झोप लागते का, कोण मारत नाय ना. बोलले, घाबरू नको, मी कुणाला सांगणार नाय."

आजोबांच्या हातातला घास हातातच राहिला. "तू काय बोललीस गो?"

"मला सगळं इंग्लिश कळलं नाय. मी हसले नुसती."

"उद्यापासून खेळायला जायचं नाय."

अमीनाने ताट सरकवलं, दोन दिवस कुणाशी बोलली नाही. कमरुद्दीन मात्र गडग्यावर जातच राहिला. आता तो चेंडूकडे बघतच नव्हता, योरिसच्या हातांकडे बघत होता, खिशाकडे, फोनकडे.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना योरिसच दारात येऊन उभा राहिला. बरोबर घर दाखवायला कातकरवाडीतली राणी होती, संघातली सगळ्यांत चपळ पोर. कमरुद्दीनने त्याला आत घेतलं नाही, ओटीवरच खुर्ची दिली. टँकरवर शिकलेल्या इंग्रजीत विचारलं, "काय काम?"

"अमीना आजारी आहे का? इथले लोक तिला नीट सांभाळतात ना, एवढंच बघायला आलो."

"इथले लोक म्हणजे कोण? मी तिचा आजा हाय."

तेवढ्यात खुशनुमा चहा घेऊन आली. "आणि ही तिची आई," कमरुद्दीन म्हणाला.

योरिसचा चेहरा एकदम पांढरा पडला. कप घ्यायला पुढे केलेला हात त्याने मागे घेतला. "आई?" तो म्हणाला. मग घाईघाईने फोन काढून त्याने संस्थेचं पान उघडलं आणि कमरुद्दीनच्या पुढे धरलं.

चष्मा लावून कमरुद्दीनने एकेक इंग्रजी अक्षर जुळवलं. फोटो अमीनाचाच होता. गेल्या पावसात लावणीच्या चिखलात उतरली होती तेव्हाचा, केस विस्कटलेले, फ्रॉक गुडघ्यापर्यंत माखलेला. खाली लिहिलं होतं, 'अमीना, अनाथ. आईवडील पुरात गेले. शेजाऱ्यांच्या उष्ट्यावर जगते.' त्याखाली राणी, तीही अनाथ. खाली सरकवत जावं तसतशा एकेक करून सोळाच्या सोळा पोरी अनाथ झालेल्या.

कमरुद्दीनने चष्मा काढला. स्वतःचा फोन घेऊन त्याने दोहाला व्हिडिओ कॉल लावला. यूनुस कंपनीच्या बसमध्ये होता, शिफ्ट सुटलेली, डोक्यावर अजून हेल्मेट. "काय झालं, अब्बा? अमीना बरी हाय ना?"

कमरुद्दीनने फोन योरिसकडे वळवला. "हा बघ पुरात गेलेला."

योरिस फोनकडे बघत राहिला. "सॉरी, सर," तो म्हणाला. मग खाली मान घालून तो रडायला लागला. राणी ओटीच्या पायरीवर बसून बिस्किट खात होती, तीही थांबली.

कमरुद्दीन मात्र विरघळला नाही. रडणं काय, कुणालाही येतं. "तुझे कागद दाखव," तो म्हणाला.

योरिसने संस्थेशी झालेला सगळा पत्रव्यवहार उघडून दिला. विमानतळावर गाडी येईल. राहायला खोली, मैदानाला कुंपण, अनाथांचं वसतिगृह, डॉक्टर. सगळं तयार आहे, तुम्ही फक्त या. त्यासाठी दीड वर्ष बेकरीत राबून त्याने संस्थेला पैसे भरले होते. वाचता वाचता कमरुद्दीन त्या शेवटच्या ओळीवर थांबला. पहिल्या खेपेला मुंबईच्या एजंटानेही त्याला असंच सांगितलं होतं. सगळं तयार हाय, तू फक्त ये. ट्रक चालवायला म्हणून नेलं आणि आठ महिने वाळवंटात बकऱ्यांमागे उभं केलं.

"चहा पी," तो म्हणाला. "उद्या पेणला जाऊ."

सुशीलचं ऑफिस गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर होतं. खाली बिनरंगाच्या मूर्ती ओळीने वाळत होत्या, जिन्यावर शाडूच्या मातीचे पाय उमटलेले. दोघांना एकत्र बघून सुशील क्षणभर गडबडला, पण लगेच सावरला.

"बसा चाचा. तुम्ही आपलीच माणसं, समजून घ्या. अनाथ बोलल्याशिवाय तिकडून कोण येत नाय. पोरींना बॉल मिळाला, बूट मिळाले, खायला मिळालं. कुणाचं काय गेलं?"

"माझ्या पोराला जित्तेपणी मारलास," कमरुद्दीन म्हणाला, "आणि विचारतोस काय गेलं? काढ तो फोटो. सोळाही काढ. माझ्यासमोर."

सुशीलने कॉम्प्युटर वळवून एकेक फोटो काढला. काढता काढता मराठीत, योरिसला कळणार नाही अशा बेताने म्हणाला, "एक सांगू, चाचा? ह्या गोऱ्याला साधा समजू नका. पहिल्या दिवसापासून ह्याला सगळं ठाऊक हाय. तिकडे फोटो टाकून नाव कमावतोय तो."

परतीच्या एसटीत योरिस खिडकीच्या गजाला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता. कमरुद्दीन त्याच्याकडे बघत होता. सुशील खोटारडा, पण खोटारडाही कधीतरी खरं बोलतो. नागोठणं गेल्यावर त्याने कोपराने ढोसलंच.

"खरं सांग. तुला ठाऊक होतं?"

योरिसने डोळे उघडून बाहेरच्या वालाच्या शेतांकडे बघितलं. "पहिल्याच आठवड्यात राणीला न्यायला एक बाई आली होती," तो म्हणाला. "राणी तिच्या कमरेला बिलगली. मला वाटलं, मावशी असेल. विचारता आलं असतं. नाही विचारलं. घरी बोलावलं तरी गेलो नाही." गजावरून डोकं उचलून म्हणाला, "ती तिची आई निघाली असती, तर मग मी इथे कशाला आलो होतो?"

हे उत्तर कमरुद्दीनला आवडलं नाही, पण पटलं. अर्धा संशय खरा निघाला होता. उरलेला अर्धा कुठे ठेवायचा, हे मात्र त्याला कळेना.

योरिस राहिला. संस्थेची खोली सोडून शाळेतल्या रिकाम्या वर्गात राहिला आणि जेवायला आळीपाळीने पोरींच्या घरी जाऊ लागला. राणीच्या आईने त्याला खेकड्याचं कालवण वाढलं, तर नाकातोंडातून पाणी काढत सगळं संपवलं. अमीना पुन्हा खेळायला जाऊ लागली. कमरुद्दीनही रोज गडग्यावर. "आता कशाला बसता?" खुशनुमाने विचारलं, तर म्हणाला, "सवय."

रोह्याच्या स्पर्धेत पोरी चार-एकने हरल्या. एक गोल राणीचा. पुढच्या आठवड्यात योरिस गेला. रोहा स्टेशनवर गाडी हलल्यावर पोरी ओरडत फलाटाच्या टोकापर्यंत धावल्या. कमरुद्दीनने हात हलवला नाही, पण गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो उभा होता.

महिनाभराने त्याने अमीनाकडून ते पान पुन्हा उघडून घेतलं. सोळा पोरी गेल्या होत्या. त्यांच्या जागी आता नवीन चेहरे होते. सगळ्यांत वर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, नाव शीतल, अनाथ. तिच्या पाठीमागे एसटीचा थांबा होता आणि भिंतीवर गावाचं नाव, गागोदे बुद्रुक.

कमरुद्दीनने अमीनाला तो फोटो खालच्या इंग्रजी मजकुरासकट छापून आणायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळीच टोपी घालून निघाला. पेणला गाडी बदलून गागोद्याला उतरला आणि थांब्यावर बसलेल्या बायांना फोटो दाखवला. एकमेकींकडे बघत त्यांनी वाडीची वाट दाखवली.

वाडीतल्या पहिल्याच घरासमोर एक जण कोयता परजत होता. फोटो बघून तो ताडकन उठला. त्याच्या मागून शीतलने डोकं बाहेर काढलं, तशी त्याने तिला मागे लोटलं.

"कोण तू? माझ्या पोरीचा फोटो तुझ्याकडं कसा आला?"

"तूच तिचा बाप ना?"

"व्हय. मी चंदर. मीच बाप. तू कोण ते बोल आधी."

दोन-तीन माणसं बाजूच्या घरांतून बाहेर आली. कोयता अजून चंदरच्या हातातच होता. कमरुद्दीनने फोटो हळूच ओट्यावर ठेवला, चपला काढल्या आणि खाली अंगणातच बसला.

"बरोबर विचारलंस," तो म्हणाला. "सगळं सांगतो. पण मी बोलतोय म्हणून खरं धरू नको. तुझ्या ओळखीतला कोण इंग्लिश वाचणारा असेल, त्याला बोलव आधी."