थर्झाआत्याचा रेडिओतला आवाज

आमच्या गावच्या बोली समितीत मी चिटणीस होते. चिटणिसाचं काम बाईचंच, आणि समितीत बाई मी एकटीच. अध्यक्ष होते ऑर्मरॉडसाहेब, बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या मदतीला मिस्टर एंटविसल, चॅपलमध्ये गाणाऱ्यांचे मास्तर. मी नेली क्रॅबट्री, गिरणीमागच्या शाळेत शिकवणारी. आणखी दोघं-तिघं होते, पण ते मुख्यतः चहाला यायचे.

काम सोपं होतं. उत्तर इंग्लंडातल्या आमच्या लँकशरचे जुने शब्द म्हाताऱ्यांबरोबर मातीत चालले होते, ते गोळा करून छोटंसं पुस्तक काढायचं. सुरुवात कुठून करायची यावर मात्र एकमत झालं. आमच्या भागात पावसाला जेवढे शब्द नसतील, तेवढे शब्द नसत्या गोष्टींचा घोळ घालण्याला आहेत. तेच पहिलं प्रकरण.

आणि त्या पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या शब्दावर आमचा अख्खा हिवाळा गेला. शब्द होता 'माइदर'. एखाद्याच्या मागे भुणभुण लावून त्याचा जीव नकोसा करणं म्हणजे माइदर करणं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा दिवसातून दहादा हा शब्द ऐकतं. पण तो लिहायचा कसा? ऑर्मरॉडसाहेब म्हणायचे, मध्ये 'आय' हवा. एंटविसल म्हणायचे, 'वाय'.

"माझी आई 'वाय'नेच म्हणायची," एंटविसल म्हणाले.

"तुमच्या आईंना लिहिता येत होतं का?" ऑर्मरॉडसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

असं चालायचं. मी टिपणं घेत बसायचे, आणि चॅपलच्या त्या गार खोलीत माझे पाय बधिर होऊन जायचे. शेवटी एका बैठकीत मी म्हटलं, "साहेब, शब्द लिहायचा कसा ते नंतर बघू. माणसं बोलतात ते आधी ऐकून तर घेऊ. माझी आत्या आहे घरी. तिच्या तोंडून एका दुपारी तुमचं सगळं प्रकरण मिळेल."

ही माझी चूक झाली.

थर्झाआत्यानं मला लहानाची मोठी केली होती. जन्म तिचा मागांवर गेला. मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी शेजारच्यांना कळायचं. आणि घोळ घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पडद्याची एक चुणी दुसरीपेक्षा मोठी दिसली की पडदा खाली उतरायचा. मी शाळेतून दमून यावं आणि तिनं दारातच सुरू करावं, "पाय पूस. तो नाही, दुसरा. अगं, फॅफ काय करत बसलीस, बुटाची नाडी आहे, बैलाचा कासरा नव्हे!" हातांनी नुसती चाळवाचाळव, काम मात्र पुढं सरकत नाही, त्याला आमच्याकडे 'फॅफ' म्हणतात. तिनं करायचं आणि वर मलाच म्हणायचं.

पण शब्द तिच्याकडे होते. भरपूर होते.

ऑर्मरॉडसाहेबांनी कॉलेजातून आवाज टिपायचं यंत्र उसनं आणायचं ठरवलं. कुणी न्यायचं, कुणाच्या गाडीतून, पाऊस आला तर वर कोणतं कापड, यात आणखी काही आठवडे गेले. तोवर इकडे आत्यानं बैठकीची खोली उघडली होती. ती खोली आमच्याकडे पाद्री आला किंवा कुणी गेलं तरच उघडायची. खुर्च्यांवरच्या विणलेल्या झालरी धुतल्या, पुन्हा धुतल्या. दारातली पायरी दगडानं घासून पांढरी केली, वर दूधवाल्याचा पाय पडला म्हणून पुन्हा केली.

"आत्या, ते पायरी बघायला नाही येत. तुझं बोलणं ऐकायला येतायत."

"पायरी ओलांडूनच येतील ना? उडत येणारेत?"

शनिवारी दुपारी ते आले. यंत्र ट्रंकेएवढं होतं. बैठकीच्या खोलीत भिंतीला वीज नव्हती, फक्त छताला दिवा होता. तेव्हा दिवा काढून तिथं वायर अडकवायची ठरली. ऑर्मरॉडसाहेब म्हणाले आधी दिवा बंद करा, एंटविसल म्हणाले बंदच आहे, साहेब म्हणाले खात्री करा. खुर्चीवर कोण चढणार? बूट काढून की घालून? आत्या म्हणाली, काढून. एंटविसलांच्या मोज्याला भोक होतं, त्यामुळे ते जरा अडले. मग साहेबच चढले. तेवढ्यात आत्यानं त्यांच्या पायाखालची झालर ओढून घेतली, आणि साहेब पडता पडता वाचले.

एकदाचं यंत्र लागलं. साहेबांनी मान हलवली. मी म्हटलं, "आत्या, सांग ना, तुझी आई तुला रागावायची तेव्हा काय म्हणायची?"

आत्यानं हात मांडीवर ठेवले, गळा साफ केला, आणि बोलायला लागली. तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तो रेडिओवर राणीच्या दौऱ्याचं वर्णन करणाऱ्या माणसाचा आवाज होता.

"माझ्या मातोश्री अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या," ती म्हणाली. "त्या आम्हांस कधीही रागे भरत नसत. आमचे बालपण अतिशय आनंदात व्यतीत झाले."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिची आई म्हणजे माझी आजी. लाटणं फेकून मारायची.

"आत्या, घरी बोलतेस तसं बोल."

"मी घरीच आहे," आत्या त्याच आवाजात म्हणाली. "आपण पावाचा तुकडा घेणार का, ऑर्मरॉडसाहेब?"

साहेबांनी यंत्र थांबवलं. घड्याळाची टिकटिक येते म्हणाले. घड्याळ बाहेर न्यावं लागेल. आत्या म्हणाली, हलवलं की ते बंद पडतं. मग त्यावर टोपी घातली. मग साहेबांना वाटलं टेबलावरचं कापड काढावं, आवाज दबतो. एंटविसल म्हणाले, राहू द्या, आवाज घुमतो. कापड काढलं, घातलं. आत्यानं उठून त्याची कडा सारखी केली. यंत्र पुन्हा चालू झालं. आत्या पुन्हा, "आमच्या काळी ऋतुमान फारच आल्हाददायक..." एंटविसलांनी हात वर केला, कपाची जागा बदलायला हवी, बशीचा आवाज येतोय. साहेब म्हणाले, बशी नाही, चमचा. दोघं वाकून चमच्याकडे बघायला लागले. आत्याही उठली, तिला त्यावर डाग दिसला.

तेव्हा माझं डोकं फिरलं.

"पुरे झालं तुमचं माइदर!" मी ओरडले. मागावरच्या बाईसारखी ओरडले. "तासभर झाला नुसतं फॅफ चाललंय! चमचा, झालर, टोपी! आत्या, अख्खा आठवडा तू ट्यू केलंस, पायरीची नुसती कातडी सोललीस, आणि तोंड उघडायची वेळ आली तर पाद्रीण होऊन बसलीस! आणि मी मेली रोज रात्री व्हिटल करत पडते, की ही माणसं येतील का, नीट होईल का! कुणासाठी? चमच्यासाठी?"

यंत्राची चक्रं फिरत होती.

ऑर्मरॉडसाहेबांनी ती बघितली, आणि हलकेच बटण दाबलं. "दुर्दैवानं, मिस क्रॅबट्री," ते म्हणाले, "हे घेता येणार नाही. तुम्ही शिक्षिका आहात. हे अस्सल धरता येत नाही."

ते गेल्यावर आत्यानं कप गोळा केले.

"माझ्या बैठकीत," ती म्हणाली. "साहेबांसमोर. गिरणीतल्या बाईसारखी."

"अगं, तू गिरणीतलीच बाई आहेस, आत्या."

"असेन. पण बैठकीत बसून नव्हे."

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. मीठसुद्धा मागेना, उठून स्वतः घ्यायची. घरात शांतता मला कधीपासून हवी होती, पण अशी नाही.

समितीच्या पुढच्या बैठकीत माझं ओरडणं वृत्तांतात घ्यावं का यावर चर्चा झाली. 'ओरडल्या' म्हणायचं की 'मत व्यक्त केलं'? मी पेन खाली ठेवलं, कोट घातला आणि बाहेर पडले. परत गेले नाही.

काही दिवसांनी एंटविसल आमच्या मागच्या दाराशी आले. टोपी हातात, एकटे. मी दार अडवूनच उभी राहिले.

"समितीचं काही असेल तर साहेबांना सांगा."

"समितीचं नाही हो," ते म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी एक शब्द म्हणालात. ट्यू. आई गेल्यापासून कानावर पडला नव्हता. ती सगळं घर आवरायची, थकून खुर्चीत पडायची आणि म्हणायची, काय मिळालं एवढं ट्यू करून. मी विसरूनच गेलो होतो. परत एकदा म्हणाल का?"

मला अजून रागच होता. पण म्हटलं.

"तसं नाही ते!" आतून आवाज आला. शेजारच्यांनाही गेला असणार. "शाळेत शिकून जिभेची पार वाट लागलीय पोरीच्या. आत या, मास्तर, दारात उभं राहून गारठा आत घेऊ नका. बसा. तोंड असं करा. ट्यू! आईनं तुमच्या असंच म्हटलं असेल. आणि ही नेली कधी ट्यू करायची नाही, करायला अंगात दम लागतो. ही फक्त व्हिटल करते, आतल्या आत स्वतःलाच कुरतडत बसते."

इतक्या दिवसांत तिनं माझ्याबद्दल काढलेले ते पहिले शब्द. स्वयंपाकघरात, भांडी घासता घासता, ती दिवस मावळेपर्यंत बोलत होती. एंटविसल हसत होते, मधूनच डोळे पुसत होते. मी म्हटलं, कुणीतरी लिहून घ्या. त्यांना ऐकू गेलं नाही, आणि माझं पेन शाळेत राहिलं होतं.

पुस्तक वसंतात आलं. 'माइदर' त्यात दोन्ही तऱ्हांनी छापला होता, खाली अर्ध्या पानाची टीप. ट्यू नव्हता. तो अस्सल आहे की शेजारच्या यॉर्कशरातून आलेला, यावर समितीत एकमत झालं नाही, असं एंटविसल खाली बघत म्हणाले.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?" मी विचारलं.

"मतं मोजली ना," ते म्हणाले.

मी पुस्तक चुलीत घालणार होते. आत्यानं हिसकावून घेतलं, एप्रनला पुसलं आणि बैठकीच्या खोलीत नेऊन टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवलं. मग जरा डावीकडे सरकवलं. मग पुन्हा मधे.

"ऑर्मरॉडसाहेबांनी छापलंय," ती म्हणाली. "हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही."