कोमट डोळा

चिहाया उशियामाने यंत्राच्या पेटीचा शेवटचा स्क्रू काढला, झाकण उचललं आणि सैल तार शोधायला आत बोटं घातली, तर काहीतरी कोमट, मऊ हाताला लागलं. तिने झटकन हात मागे घेतला. त्या बर्फागत गार खोलीत कोमट असं काही असायचं कारणच नव्हतं. वाकून पाहिलं, तर हिवाळ्यात माणसं कमरेला डकवतात ती ऊब देणारी पट्टी, औषधाच्या दुकानात मिळते तीच, भिंगापुढच्या झडपेच्या काचेला नीट चिकटवलेली.

शिसारी आली तिला. ती चिकटवण्याचं काम कुणाचं, ते विचारायलाही नको होतं.

हाचिनोहेच्या या कारखान्यात पट्ट्यावरून बांगडे सरकत येत आणि पातं त्यांची डोकी उडवी. पात्याच्या वर बसवलेला कॅमेऱ्याचा डोळा चिहायाने बनवला होता. खाली नुसता मासा आहे की मासे सारखे करणाऱ्या बाईचा हात, हे तो अंतरावरून ओळखायचा. माशापेक्षा उंच काही दिसलं की पातं थांबलंच पाहिजे. भिंग एकच. त्याच्यापुढे झडपेसारखी लिक्विड क्रिस्टलची पातळ काच, वीज दिली की जागच्या जागी काळी नाहीतर आरपार होणारी. खिडकी घटकेत डावीकडे उघडायची, घटकेत उजवीकडे. एक डोळा मिटून अंगठा बघावा, मग दुसरा मिटून बघावा, तसा अंगठा सरकल्यासारखा दिसतो. जितका जवळ तितका जास्त. सगळा हिशेब एवढाच. पण थंडीत काचेतला तो द्रव सुस्तावतो. डावी खिडकी मिटायच्या आत उजवी उघडते, दोन्ही चित्रं एकमेकांत कालवली जातात, आणि उंचावरचा हात पट्ट्यावरच्या माशाइतका खाली दिसू लागतो. पातं कशाला थांबेल मग?

हे तिने सुवा गावी, आपल्या कंपनीच्या कचेरीत, विभागप्रमुख मोमोसेला शरदातच सांगितलं होतं. आत छोटी शेगडीसारखी सोय करू, काच गार पडली तर पातं आपोआप बंद राहील असं करू, पण उन्हाळ्यापर्यंत वेळ द्या. मोमोसे म्हणाला होता, बघू. त्याने बघितलं ते हे असं.

तिने पट्टी ओरबाडून काढली आणि थेट जेवणघरात गेली. मोमोसे व्हिनेगरमधला बांगडा आणि भात चापत बसला होता. तिने पट्टी त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे काय आहे, मोमोसे-सान?"

"यंत्राला थंडी वाजते," तो तोंडातला घास तसाच घोळवत म्हणाला. "पांघरूण घातलं."

"संध्याकाळपर्यंत गार होते ही. मग?"

"त्याआधी खरेदीवर सही झालेली असेल."

भाताचं एक शित त्याच्या ओठावरून उडून तिच्या बाहीवर पडलं. त्याने खिशातून नवी पट्टी काढली, पाकीट दातांनी फाडलं, पट्टी गरम व्हावी म्हणून खुळखुळ हलवली आणि हसला. लाज कोळून प्यायलेल्या माणसाचं हसू किती प्रसन्न असतं, हे चिहायाला तेव्हा कळलं. मग तो तिला समजावू लागला: पुढे सुधारणा करूच की, आधी यंत्र खपू तर दे, आणि गिऱ्हाइकासमोर वरिष्ठाला तोंडघशी पाडणाऱ्या माणसाला सुवात पुन्हा कोण उभं करतं, त्याचाही विचार कर. सुवा लहान गाव. सगळ्या कंपन्यांचे साहेब एकाच गरम पाण्याच्या हौदात डुंबतात.

ती हात धुवायला गेली. साबण लावून लावून धुतले, तरी वास जाईना. माशाचा असता तर तिला काही वाटलं नसतं. वेलीसारखा चढत गेलेला तो वास आपलाच आहे, असं तिला वाटलं. सकाळी पट्ट्यावर मासे सारखे करणाऱ्या ताएकोने तिला चहा आणून दिला होता. आपल्याआधी इथे उभ्या राहणाऱ्या बाईचं बोट गेलं, तेव्हापासून आपण झोपेतही मुठी आवळतो, असं ती हसत हसत सांगत होती. आता तुमचं यंत्र आलं, आता निवांत झोपेन, म्हणाली.

दुपारी कारखान्याचे मालक नाकुई आले. मोमोसेने आपला नेहमीचा खेळ केला: बाही सरसावली, उघडा हात पात्याखाली घातला. पातं जागीच थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वरून कीर्तन, आतून तमाशा.

नाकुईंनी टाळी वाजवली नाही. मासा विकायला येणाऱ्याला ते आधी त्याच्याच टोपलीतला तुकडा खायला लावत. बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं. ते चिहायाकडे वळले.

"विकणाऱ्याचा हात पाहिला. आता बनवणाऱ्याचा दाखवा, उशियामा-सान."

सोपं होतं. पट्टी नवी होती, मोमोसेने मघाशीच आत चिकटवलेली, चांगली गरम होती. हाताला काहीसुद्धा झालं नसतं. मोमोसे मान डोलावून तिला पुढे हो म्हणत होता, आणि त्याच्या ओठांवर अजून जेवणाचा तेलकटपणा चमकत होता. चिहायाने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"मी नाही घालणार," ती म्हणाली.

मोमोसे हसला, लाजते हो आमची पोरगी, असं काहीबाही बोलला. मग तिच्या कानाशी येऊन दबक्या आवाजात पुटपुटला. पण पात्याची घरघर बंद होती, ते त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"अगं, घाल ना. आत्ता काही होत नाही."

"आत्ता?" नाकुईंनी विचारलं.

पट्ट्याच्या टोकाशी उभ्या ताएकोने मासे सारखे करता करता आपले हात हळूच मागे घेतले.