सेन्सरचं घर

माझी सून मावुएना एका डबीचं चित्र काढते आणि माझा मुलगा सेलोर्म लेथवर प्लास्टिक कातून ती तशीच घडवतो. त्या डबीला ती ‘सेन्सरचं घर’ म्हणते. आत धातूच्या दोन पट्ट्या, बाजूला पाणी शिरायला एक भोक. घर विहिरीत सोडलं की पाण्यातून वीज किती वाहते त्याचा आकडा येतो. मीठ जास्त, तर आकडा मोठा. आमच्या आन्लोगा गावात एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाऱ्या पाण्याचं खाजण. मधल्या वाळूत आम्ही कांदा लावतो, त्यामुळे ही माहिती सोन्यासारखी.

पण एकाच पाण्यात ते घर तीनदा बुडवलं, तर आकडे तीन वेगवेगळे आले. मग काय, दोघांनी एकमेकांवर ढकललं आणि अबोला धरला. मी चुलीवर मक्याच्या पिठाचं आक्प्ले घोटत होते, तिथे निरोप सुरू.

“आई, त्यांना सांगा, भोक नीट पाडलेलं नाही.”

“आई, तिला सांग, तिनं काढलं तस्संच पाडलंय.”

“मी काय टपाल आहे? हात भरलेत माझे!”

मावुएनानं काचेच्या बरणीत मिठाचं पाणी केलं आणि घर त्यात सोडलं. सेलोर्म उगाच काहीतरी शोधत तिथेच घुटमळत होता. शेवटी तोही वाकला. भोकाच्या वरच्या कडेखाली, पट्टीला चिकटून, हवेचा एक बुडबुडा बसला होता.

“बुडबुडा!” दोघं एकदमच ओरडले.

तिनं घर तिरकं केलं. बुडबुडा निसटला आणि आकडा झपकन वर गेला.

“कड मीच सपाट काढली,” ती म्हणाली. “हवेला वाट कुठून मिळणार?”

“कातताना मलाही दिसायला हवं होतं. आई, हिला सांग...”

“ती तुझ्या शेजारीच आहे रे, बाबा!”

तेव्हा हसली ती. संध्याकाळपर्यंत त्यानं वरची कड उतरती कातली, हवा आपोआप वर निसटेल अशी.

दुसऱ्या दिवशी माझ्या भावाच्या, दोत्सेच्या मळ्यात गेलो. त्याच्या कांद्याच्या पातीचे शेंडे करपत होते. घर पाण्यात सोडलं. पहिला आकडा, दुसरा, तिसरा, तिन्ही सारखेच आणि मोठे. सेलोर्मनं मावुएनाला उचलून गरकन फिरवलं.

दोत्से कमरेवर हात ठेवून बघत राहिला. “ताई, माझी विहीर खारट निघाली म्हणून नाचतायत का ही दोघं?”

मावुएना लाजून खाली उतरली. “मामा, चुकलंच. गोडं पाणी सापडेपर्यंत हलत नाही आम्ही.”

सापडलं ते तिसऱ्या विहिरीत, खाजणापासून दूर, दोत्सेच्या मेहुण्याच्या वाफ्याजवळ.

“म्हणजे आता त्या चिक्कूपुढे हात पसरायचे?” दोत्से कुरकुरला. पण तिथून पाणी ओढायला नळी आणायला लगेच निघालाही.