आडवी आलेली चप्पल

मी एक चप्पल बोलतेय. उजव्या पायाची. बोलायला उभी राहिले खरी, पण माझ्या आठवणीचा मलाच भरवसा नाही. माझा पट्टा दोनदा बदलला, तळ तीनदा. मूळचं कातडं आता अंगठ्यापुरतं उरलंय. तेव्हा मला जे आठवतं ते माझंच, की नव्या तळाबरोबर दुरुस्तीवाल्याने कुणा दुसरीचं शिवून दिलं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एक गोष्ट मात्र गेली अठरा वर्षं मला लख्ख आठवते. त्या दुपारी मी माझ्या मालकाच्या पायात आडवी आले आणि तो पडला. मुद्दाम आडवी आले की चुकून, तेवढंच नीट आठवत नाही. आणि तेवढंच तर महत्त्वाचं आहे.

मालक अग्निशमन दलात जवान होता. मला आणि माझ्या डाव्या बहिणीला त्याच्या बायकोने आणलं ते खास सुट्टीसाठी. नवरा, बायको आणि त्यांची लेक दहा दिवस समुद्रकाठी मावशीकडे जाणार होती.

"ह्या फिरायला घालायच्या," दुकानातच तिने बजावलं. "केंद्रावर न्यायच्या नाहीत."

"बरं बाई," तो म्हणाला.

त्या वर्षी रजा मिळाली नाही. दुसऱ्याच सकाळी आम्ही दोघी त्याच्या पायात बसून केंद्रावर गेलो आणि तिथे मी त्या बुटांना पहिल्यांदा पाहिलं.

लाल बंबाच्या दाराशी ते उभे होते. काळे, गुडघ्यापर्यंतचे, जाडजूड. जाड विजारीचा एकेक पाय एकेका बुटावर चढवून खाली सारलेला, म्हणजे बुटात पाय घातला की विजार आपोआप वर ओढता यावी. घंटा झाली की मालकाने आम्हाला भिरकावायचं, बुटांत उडी घ्यायची, विजार ओढायची आणि बंबावर चढायचं. एवढं सगळं, मी श्वास घेत असते तर दोन श्वासांत. मग बंब बोंबलत निघून जायचा आणि आम्ही दोघी फरशीवर, जिथे पडलो तिथे. कधी उपड्या, कधी एकमेकींपासून चार हात लांब. ज्या जागेवर बूट उभे असत ती जागा रिकामी असायची आणि आम्ही त्या रिकाम्या जागेकडे बघत बसायचो.

माझा किती जळफळाट व्हायचा म्हणून सांगू! हे बूट घरी कधी आले नव्हते. त्याच्या लेकीचा आवाज त्यांना ठाऊक नव्हता. पण परत आल्यावर तो स्वतः चहा प्यायच्या आधी त्यांना धुवायचा. टाचांतला चिखल काडीने काढायचा, फडक्याने पुसायचा, आतून कोरडे झाले का हे हात घालून बघायचा. आमच्यावर त्याने कधी साधी फुंकरही मारली नाही. आणि बूट काही म्हणजे काही बोलायचे नाहीत. मला तो तोरा वाटायचा. आता वाटतं, दमत असतील. पण आता वाटून काय उपयोग!

लोकांच्या सुट्ट्या लागल्या की त्याचं काम वाढायचं. माणसं घराला कुलूप लावून गावाला जातात आणि आत इस्त्री चालू असते. कुणी आजवर कधी हात न लावलेला गॅस स्वतःच जोडायला बसतो. कुणी गच्चीत पालापाचोळा पेटवतो.

"माणसाला वेळ मिळतो ना, तेच आगीचं मोठं कारण," पैलवान म्हणायचा. पैलवान म्हणजे मालकाचा केंद्रावरचा जोडीदार. हडकुळा होता, म्हणून पैलवान.

केंद्रावर आगीच्या खबरीला वर्दी म्हणतात. सुट्टीच्या दिवसांत वर्दीवर वर्दी. त्यामुळे एका वेळी दोघांनाच रजा, आणि ते दोघं कोण, यावर महिनाभर आधीपासून रुसवेफुगवे.

घरी मात्र राज्य आमचं होतं. मी चालताना चुईं वाजायचे. तेवढ्यावरून लेक ओळखायची आणि दार उघडायची. तो तिला ठिणगी म्हणायचा. "घरातली एवढी एकच ठिणगी मला विझवायची नाही," हा त्याचा ठरलेला विनोद. त्यावर बायकोचं ठरलेलं उत्तर, "विझवायला घरी तरी या." ठिणगी आमच्यात तिची इवलीशी पावलं घालून घरभर फरफटत हिंडायची. फार सुख वाटायचं.

एकदा तिने विचारलं, "बाबा, तुझे बूट घरी का नाही येत?"

"त्यांना सुट्टी नसते."

"मग तुला कशी असते?"

"मला तरी कुठे असते गं!"

ती हसली नाही. फडताळाखाली बघत म्हणाली, "मला नाही आवडत ते बूट." तेव्हापासून ती मला माझी वाटायला लागली. आम्हा दोघींच्या डोळ्यांत एकच गोष्ट सलत होती.

पुढच्या वर्षी रजा मंजूर झाली, पण पाळी संपायला दहा मिनिटं असताना घंटा झाली. मालक परत आला तेव्हा रेल्वे कधीच निघून गेली होती आणि ठिणगी पिशवीवर बसून झोपी गेली होती. तिसऱ्या वर्षी बायको म्हणाली, "यंदा आम्ही केंद्रावरच येऊन बसतो. बघूच तुमचा बंब नवऱ्याला कसा पळवून नेतो ते." रेल्वे संध्याकाळी सातची. स्टेशन तिथून दोन गल्ल्यांवर.

साडेतीनलाच मायलेकी आल्या. बंबाशेजारी भिंतीला एक लांब बाक होता, तिथे मालकाने त्यांना बसवलं.

"ठिणगे, ही पिवळी रेघ दिसते ना? ओलांडायची नाही."

"आज घंटा झाली तर?"

"नाही होणार."

"पण झाली तर?"

"तर जावं लागेल. सहापर्यंत मी ह्यांचा."

एवढं बोलून तो मागच्या अंगणात गेला. सकाळच्या वर्दीवरून आलेले पाइप तिथल्या उंच मनोऱ्यावर वाळत घालायचे होते. आम्ही त्याच्या पायात होतो. लांबच लांब ओले पाइप दोरीने वर ओढताना तो शीळ घालत होता. त्याला इतकं खूश पाहून मला वाटलं, आज तरी त्या काळ्यांच्या तोंडाला पाय लागू नये. एवढंच वाटलं. शपथेवर सांगते, तेव्हा एवढंच वाटलं.

तो आत येऊन बायकोशेजारी बाकावर टेकला आणि घंटा झाली.

पुढचं मी अठरा वर्षं मनात घोळवतेय. त्याने आम्हाला पायांतून काढलं. बुटांत उडी घेतली, विजार ओढली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि तो कोसळला. डावा घोटा अंगाखाली आला. मला आठवतं ते असं: मी बुटांसमोर आडवी पडले होते, त्याचा पाय माझ्यावर पडला आणि घसरला.

"पैलवान, त्याच्या जागेवर तू चढ! वायरलेस मी बघतो!" केंद्राचे साहेब ओरडले. त्या दिवशी वायरलेसवर पैलवानाची पाळी होती. पैलवानाचे स्वतःचे बूट धुऊन वाळत ठेवलेले. त्याने मालकाच्या पायांतून बूट उपसले, विजार ओरबाडली, स्वतः चढवली आणि बंब गेला. म्हणजे तो नसतानाही ते बूट गेले! दुसऱ्याच्या पायात, तितक्याच दिमाखात. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्याचं विव्हळणं मला नंतर ऐकू आलं. याची मला लाज वाटते.

आग एका फर्निचरच्या गोदामाला लागली होती. तापलेलं शटर वर सारताना पैलवानाचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

मालकाच्या पायाला प्लास्टर बसलं. रेल्वे चुकली ती चुकलीच. पण पूर्ण सुट्टीभर तो घरी होता. तेही एका चपलेवर, म्हणजे माझ्यावर! डावी बहीण कोपऱ्यात, बूट तिकडे केंद्रावर आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या पायात. मनात जे जे मागितलं ते सगळं मिळालं होतं.

ते गोड लागलं नाही. लांबून बंबाचा भोंगा ऐकू आला की त्याचा अंगठा माझ्यात रुतायचा. दिवसातून दोनदा तो पैलवानाच्या घरी फोन लावायचा. कुणी विचारलं की म्हणायचा, "काही नाही, चप्पल आडवी आली." येणारा-जाणारा माझ्याकडे वाकून बघायचा. बायकोने मला टाकायला काढलं, तर त्याने काठीने परत ओढून घेतलं. "राहू दे. तिचा काय दोष?"

तो असं म्हणायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण दोष कुणाचा, ते मला माहीत होतं. त्या काळ्यांवर मी तीन वर्षं जळत होते, आणि माझ्या जळण्याने एका भल्या माणसाचा हात भाजला होता.

ठिणगी त्या दिवसांत फार गप्प झाली. बापाला न मागता पाणी आणून द्यायची. आमच्यात पाय मात्र तिने पुन्हा कधी घातले नाहीत. मला वाटलं, तिलाही कळलं मी काय केलं ते.

वर्षं गेली. ते बूट फाटले, नवे आले, तेही फाटले. प्रत्येक नव्या जोडाचा मी न चुकता हेवा केला. मग मालक निवृत्त झाला. आता आम्ही दोघी परसात, नळाजवळ असतो. तो झाडांना पाणी घालताना आम्हाला घालतो. चुईं आवाज गेला, आता मी नुसती पचपचते. तळाला भोक पडलंय आणि मला वाटतं, या पावसाळ्यानंतर मला कुणी शिवणार नाही.

गेल्या सुट्टीत ठिणगी माहेरी आली होती. पैलवानही चहाला आला होता. मला बघून तो हसला.

"अरे, ही बया अजून आहे? हिनेच पाडलं होतं ना तुला?"

ठिणगीने कप खाली ठेवला. "काका, तिने नाही पाडलं."

मालक कुंडीत पाणी घालत होता.

"बाबा, बूट मी उलटे ठेवले होते. विजारीतून काढले आणि डाव्या पायात उजवा घातला, उजव्यात डावा. मला वाटलं, तुला उशीर होईल, बंब निघून जाईल आणि आपल्याला आपली रेल्वे मिळेल. तू पडशील असं नव्हतं रे वाटलं."

कुंडी भरून वाहायला लागली तरी तो पाणी घालतच होता. "माहीत आहे गं."

"माहीत आहे?"

"पायाला कळतं ना. पण कळेपर्यंत दोन पावलं टाकून झाली होती."

"आणि मी काय आंधळा होतो?" पैलवान म्हणाला. "त्याच्या पायांतून उपसून मीच घातले की, सुलटे करून!"

"मग काका, तुमचा हात..."

"हात शटरने भाजला. शटर तू लावलं होतंस का? तू खांबामागे फ्रॉक तोंडात कोंबून रडत होतीस. हा माझा कान धरून म्हणाला, चप्पल आडवी आली म्हणायचं. मी म्हटलं, बरं."

"वा!" बायको म्हणाली. "आणि मला अठरा वर्षं कुणी सांगितलं नाही! मी त्या बिचारीला तीनदा कचऱ्यात काढली."

मी त्याच्या ओल्या पायात होते आणि मला धड आनंदही होईना. ठिणगीवरचा दोष त्याने उचलून माझ्यावर ठेवला होता. इतकी वर्षं मी बुटांवर जळले. जळायचं होतं ते या पोरीवर. ते मी त्या क्षणी सुरू केलं, आणि अजून ते थांबलेलं नाही.

डोळे पुसत ठिणगीने विचारलं, "पण मग चपला होत्या कुठे?"

"बाकाखाली," पैलवान म्हणाला. "वहिनींनीच नाही का काढल्या, दवाखान्यात निघताना?"

बायकोला आठवलं. "हो की हो, भावोजी. पिशवीच्या मागे होत्या, पार भिंतीशी. मीच वाकून ओढून काढल्या."

मी बाकाखाली होते. सरळ, डावीच्या शेजारी.