हरिकलाची मितिनी

“दोघींतला नवरा कोण?” वॉर्ड कार्यालयातल्या कारकुनाने विचारलं आणि मागच्या रांगेत खसखस पिकली.

हरिकलाने पदर सावरला. “कुणीच नाही, बाबू. कोर्टाचा हुकूम निघालाय. आमचं लग्न नोंदवून घ्या.”

“हुकूम काठमांडूत निघाला, आमा. इकडचा रस्ता खचलाय. दशैंचा सण झाल्यावर या.”

“चल गं,” दिलमाया हरिकलाला म्हणाली. “इतकी वर्षं थांबलो, दशैंचा बोकड कापेपर्यंत थांबू.”

साक्षीदार म्हणून आलेली हरिकलाची मुलगी शर्मिला भिंतीकडे बघत उभी होती. ती शाळेत शिकवायची. अशा जोडप्यांबद्दलचा कोर्टाचा प्रत्येक निकाल तिने वर्तमानपत्रात वाचला होता. पहिला लागला तेव्हा ती कॉलेजात होती. सण नसताना आईने त्या दिवशी गल्लीभर तळलेली गोड सेलरोटी वाटली होती, आणि विचारणाऱ्यांना सांगितलं होतं, नवी कढई आणलीय म्हणून.

शर्मिलाचे वडील ती रांगती असतानाच वारले. पुढे दिलमाया घरी आली, तेव्हा दोघींनी देवळात फुलं-सुपारी देऊन मितिनीचं नातं जोडलं. मानलेल्या मैत्रिणीचं हे नातं इकडे रक्ताच्या नात्यासारखं पाळतात. मितिनी घरात राहिली तर कुणी खोदून विचारत नाही. शर्मिलाही सगळ्यांना तेच सांगायची. आईची मितिनी.

त्या संध्याकाळी हरिकलाने आंबवून वाळवलेल्या पाल्याची, गुंद्रुकाची आमटी केली, मीठ जास्त पडलं, आणि ते दिलमायानेच टाकलं म्हणून ती तिच्याशी भांडली. सकाळी ती उठलीच नाही.

नारायणी नदीच्या घाटावर सगळं टंकमामाच्या हुकमाने चाललं होतं. बहिणीच्या चितेकडे दिलमाया येताना दिसली तसा तो आडवा आला.

“मितिनीने लांबून फूल वाहावं. इथे घरची माणसं लागतात.”

दिलमाया मागे सरली. खालच्या पायरीवर बसून गळ्यातली हिरवी पोत काढू लागली. सवाष्णीची ती पोत हरिकलाने तिला घातली होती. गाठ सुटेना.

“बघा, बघा नाटक!” मामा ओरडला. “कुणाची विधवा गं तू? तेरावं झालं की खोली रिकामी कर. सांगून ठेवतो.”

कुणी हसलं नाही. मामाला कुणी अडवलंही नाही. भटजींनी पांढरं वस्त्र पुढे केलं.

“तेरा दिवस क्रियेला कोण बसणार?”

“मी,” शर्मिला म्हणाली. वस्त्र घेऊन ती पायऱ्या उतरली, दिलमायाच्या मागे टेकली आणि पोतीची गाठ दातांनी सोडवली.

“जा तू वर, पोरी,” दिलमाया पुटपुटली. “मामा तुलाही बोलेल.”

“बोलू दे.” पोत तिच्या ओंजळीत ठेवून शर्मिला उभी राहिली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज घाटभर गेला. “गुरुजी, आणखी एक पांढरं लागेल. ही माझ्या आईची बायको आहे.”