बाबांची आर्द्रता

दामोदररावांना खोकला झाला, आणि तोही कधी? विमानाला दहा दिवस उरले असताना, २०२० च्या डिसेंबरात.

मार्चमध्ये दोन महिन्यांसाठी म्हणून ते मुलाकडे, चंद्रहासकडे, हॉलंडातल्या हूफडॉर्पला आले होते. त्याच सुमारास नाशिकला लेकीचं बाळंतपण, म्हणून शामलाताई तिकडे. दोन मुलांनी आईवडील असे वाटून घेतले आणि नेमकं जगच बंद झालं. नऊ महिने नवराबायको फोनवरून एकमेकांना "जेवलात का?" विचारत होती. आता कुठे तिकीट मिळालं, तर विमान कंपनीने ठळक अक्षरांत कळवलं की खोकणाऱ्या प्रवाशाला चढू देणार नाही.

चंद्रहास हादरला. बाबांची टेस्ट करून आणली, रिपोर्ट निगेटिव्ह आला. मग खोकला कशाचा? चंद्रहास पडला प्रोजेक्ट मॅनेजर. घरात मुंग्या झाल्या तरी आधी एक्सेल उघडणारा माणूस! त्याने शीट केली: वेळ, जागा, खोकल्यांची संख्या. पहिल्याच दिवशी एक्केचाळीस.

त्याचा मेव्हणा अजित मिशिगनला असतो. अमेरिकेत स्वतःचं घर घेतलं की माणसाला जगातल्या सगळ्या घरांतलं कळायला लागतं. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "अरे, हीटिंगने हवा कोरडी पडलीय. फर्नेसला ह्युमिडिफायर बसव. गरम हवेबरोबर ओलावा घरभर फिरतो. आर्द्रता चाळीस टक्के ठेव, खोकला गेलाच समज."

झालं! चंद्रहासने हीटिंगवाल्याला मेसेज टाकला. उत्तर आलं, 'आधी तुमच्या सीव्हीचा फोटो पाठवा.' हॉलंडात घर तापवणाऱ्या बॉयलरलाच सीव्ही म्हणतात, हे चार वर्षं राहून या पठ्ठ्याला ठाऊक नको? पण परमिटवर राहणाऱ्याला कुणीही सीव्ही मागितला की त्याचे हात आपोआप चालतात. त्याने दोन पानी बायोडेटा पाठवला, फोटोसकट. 'छान आहे,' हीटिंगवाल्याने लिहिलं, 'पण याची शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली?'

शेवटी तो स्वतःच मास्क लावून आला, बॉयलर पाहिला आणि म्हणाला, "साहेब, यातून हवा जातच नाही. पाइपातून गरम पाणी रेडिएटरला जातं, बस्स. ह्युमिडिफायर लावू कुठे, तुमच्या नाकाला?" खिडक्या उघडत जा, असं सांगून तो गेला.

दोन डिग्रीत खिडक्या उघडायच्या? हॅट्! चंद्रहासनेच कंबर कसली. रेडिएटरवर ओले पंचे, टीपॉयवर गरम पाण्याची पातेली, तीन ठिकाणी तीन आर्द्रतामापक. चाळीस कसले, आकडा पंच्याहत्तरवर गेला. काचांवरून ओघळ आले, चिवडा सादळला, भिंतीवरचं कॅलेंडर लुळं पडलं. त्याची बायको वल्लरी ओपन किचनमधल्या टेबलावरून ऑफिस चालवायची. ती म्हणाली, "मी घरात राहतेय की इडलीपात्रात?" आणि खोकला? चव्वेचाळीस.

पण डेटा खोटं बोलत नाही, अशी चंद्रहासची श्रद्धा. त्याने शीट चाळली. किचनपाशी वीस, जिन्याशी तेरा, त्याच्या स्वतःच्या खोलीबाहेर अकरा. आणि माळ्यावर, जिथे बाबा झोपायचे, तिथे शून्य! म्हणजे माळ्यावरची हवाच आदर्श. लगेच फर्मान निघालं, विमानाच्या दिवसापर्यंत बाबांनी खाली उतरायचं नाही. चहा, जेवण, सगळं वर पोचेल. दामोदरराव "बरं" म्हणाले आणि जिना चढून गेले.

चार दिवस एकही खोकला नाही. चंद्रहासने विमानाच्या आदल्या संध्याकाळी हिरवागार आलेख वल्लरीपुढे धरला. "बघ! आर्द्रता!"

वल्लरीने आलेख नीट पाहिला. मग कपाळावर हात मारला. "अरे देवा, तू हे मोजत होतास? हे बाबा खोकत नव्हते रे, खाकरत होते!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? सून आत असली की पुरुषमाणूस खाकरून येतो. तुझ्या घराला जिन्यापासून शेगडीपर्यंत एक दार नाही, ते वाजवणार काय? मी कॉलवर असले तरी खाकरायचे, मग पाणी घ्यायला यायचे."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तू डेटा डेटा करत होतास, मला वाटलं रात्रीचे खोकत असतील!"

आता बाबा कुणाच्या खोलीत येतच नव्हते, मग खाकरणार कुणासाठी? चंद्रहासला चांगलीच लाज वाटली. तो धावत वर गेला. दामोदरराव स्वेटर घालून, भरलेल्या बॅगेशेजारी गुपचूप बसले होते.

"बाबा, चला खाली, सगळे एकत्र जेवू."

"नको रे. आकडा वाढायचा तुझा."

चंद्रहासने हाताला धरून त्यांना खाली आणलं. जेवताना एवढंच बजावलं, "उद्या विमानतळावर मात्र खाकरू नका हं."

"मी कुठे खाकरतो?" दामोदरराव म्हणाले. बिचाऱ्यांना खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्किपोल विमानतळावर, वयस्कर प्रवाशाबरोबर म्हणून चंद्रहासला काउंटरपर्यंत सोडलं. काउंटरवरची बाई मान खाली घालून टाइप करत होती. दामोदरराव पासपोर्ट हातात घेऊन उभे राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाईमाणूस कामात आहे, एकदम कसं बोलायचं? जन्मभराची सवय ती. दामोदरराव अदबीने खाकरले.

बाईचे हात थबकले. मागची रांग चार पावलं मागे सरकली. मास्कांच्या गर्दीत कोण ते तिला कळेना. "कोण खोकलं?"

"मी," चंद्रहास म्हणाला.

"तुम्ही प्रवासी आहात?"

"नाही. सोडायला आलोय."

"मग ताबडतोब बाहेर जा, प्लीज."

"अरे, तू कुठे..." दामोदरराव बोलायला लागले. चंद्रहासने डोळे वटारले. पाहुण्यांसमोर लहानग्या चंदूला ते वटारायचे, अगदी तसे. गार्ड आला आणि चंद्रहासला हातभर अंतरावरून हाकत दाराबाहेर घेऊन गेला.

काचेतून त्याला दिसलं, बाईने बोर्डिंग पास पुढे सरकवला आणि दामोदररावांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग ते मागे वळून गर्दीत त्याला शोधत राहिले. पाया पडायचं राहूनच गेलं.